सहा मिनिटांचा बोळ

माझ्या नातीला बोलायची रीत राहिलेली नाही. शनिवारपासून ती माझ्याशी सहाच वाक्यं बोलते, तीही अहो-जाहो करून, आणि बोळाच्या त्या टोकाला उभी राहून, जिथून आवाज इकडं यायला आता वेळ लागतो. सकाळी मी विचारलं, “सुमे, पोहे करू का शिरा?” पोहे करून झाले, खाऊन झाले, मी कढई घासून पालथी घातली, तेव्हा तिकडून उत्तर आलं.

“छान चालताय. अजून पाच मिनिटं आहेत.”

मी तेव्हा बसलेली होते.

ज्या आजीनं हिच्या टाळूवर तेल जिरवलं, तिच्याशी हे बोलणं. माझी शाळा चौथीत सुटली, पण विचारलेल्याला उत्तर द्यावं एवढं मला त्या चार वर्षांतही शिकवलं होतं.

सुमेधा डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गल्लीतली पहिली. कॉलेजात शिकता शिकता संशोधन करायला मिळतं, ते सगळ्यांना मिळत नाही. वरून मंजूर होऊन यावं लागतं. हिचं आलं. विषय असा, की साठीच्या पुढच्या बायका सहा मिनिटांत किती चालतात आणि त्यांचा श्वास किती उरतो.

“यात शोधायचं काय?” मी म्हटलं होतं. “मागं सासू असली तर पुष्कळ चालतात.”

ती हसली होती. तोवर ती हसायची.

या कामाला सरळ, सपाट, तीस मीटर लांब बोळ लागतो. कॉलेजातल्या बोळात रुग्णांच्या खाटा लावलेल्या. आमच्या घरी स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत एक बोळ आहे. त्यात मी आडवी झाले तर पाय पुढच्या खोलीत येतात. सुमेधानं एका टोकाला फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली, दुसऱ्या टोकाला दुसरी लावली, आणि टेप धरून मोजलं. तीस मीटर भरले. बोळानं जमवून घेतलं. पुढची खोली बाजूला सरकून स्वयंपाकघराला येऊन टेकली, आणि बोळाचं ते टोक एकटंच लांब गेलं.

शैलाला, म्हणजे सुमेधाच्या आईला, फरशीची काळजी पडली. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

“आत्या, एवढं पुसायचं कुणी?”

“जिची पोरगी हुशार, तिनं.”

पण घर तेवढंच होतं. शेवईचा उंडा केवढाही चांगला भिजवा, लांब ओढला की बारीकच होणार. बोळ लांबला तसा अरुंद झाला आणि त्यानं खोल्यांनाही आत ओढलं. आधी दोघी शेजारून जायचो, मग एकीनं भिंतीला लागून वाट द्यायची वेळ आली. शैला ओट्याशी तिरकी उभी राहून भाकरी थापायला लागली. तक्रार केली नाही तिनं. पोरीचं शिक्षण आहे म्हणाली.

पहिल्या दिवशी सुमेधानं मला समोर बसवून सगळं समजावलं. तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं ते.

“आज्जी, उद्यापासून मी ठरलेली वाक्यंच बोलणार. तेवढीच बोलायची असतात.”

“का? जीभ कुणी बांधली तुझी?”

“मी ‘चल गं आज्जी, चल’ म्हटलं, तर तू मला बरं वाटावं म्हणून जास्त चालशील. मग ते तुझं चालणं राहत नाही. माझं होतं.”

“होऊ दे की तुझं. बाकीचं तरी माझं कुठं राहिलंय?”

“तसं नसतं आज्जी.” मग तिनं माझा पंजा हातात घेतला. “शेवटी मी ‘थांबा’ म्हणणार. म्हटलं की जिथं असशील तिथं थांबायचं. पुढं यायचं नाही. मीच खुर्ची घेऊन तुझ्यापर्यंत येणार.”

“आणि मीच मध्ये थांबले तर?”

“तरी येणार. तसा नियमच आहे.”

ते येणं मी लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पांढरा एप्रन घालून, एक खुर्ची घेऊन पलीकडच्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. काम पुरं होईपर्यंत पट्टी सोडायची नाही असं होतं. जेवायला हाक मारली तर म्हणाली, “असंच चालत राहा. दोनच मिनिटं उरली.” शैलानं ताट नेऊन ठेवलं. परत आणलं तेव्हा भातावर हातसुद्धा लागलेला नव्हता.

मला त्यांचं संशोधन कळत नाही, कळायची गरजही नाही. मला पोरगी इकडं यायला हवी होती. तिनं माझ्या समोर बसून जेवावं आणि मला आज्जी म्हणावं. त्यासाठी लवकर बायका जमवणं भाग होतं.

चैत्र चालू होता. मी हळदीकुंकू काढलं.

आमंत्रण माझं, कुंकू सुनेच्या हातचं. आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजवले. गल्लीतल्या साठीच्या पुढच्या झाडून सगळ्या आल्या. माझं, म्हणजे मुक्ताक्काचं, आमंत्रण टाळून या गल्लीत राहायची कुणाची टाप नाही. चौगुले वहिनी सगळ्यांच्या आधी, कोरं लुगडं नेसून. शैलानं कुंकू लावलं, ओटी भरली आणि बोटाला सुमेधानं देऊन ठेवलेला यंत्राचा चिमटा लावला.

“हे काय मुक्ताक्का?”

“श्वास मोजतं.”

“तुमच्या नातीनं आमचा श्वास मोजायचा?”

“मोजून घ्या. संपत आला तर आधी कळेल.”

वहिनी तोंड वाकडं करून बोळात निघाल्या. तिकडून आवाज आला, छान चालताय. वहिनींनी लगेच पदर सारखा केला आणि पाय उचलला. त्यांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नसणार. त्यांच्या मागून दुसरी गेली, तिसरी गेली. सगळ्या पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचल्या. परत यायचं त्या कामात नव्हतं, म्हणून कुणी परत आली नाही. ओटी मांडीवर घेऊन त्या तिकडंच भिंतीला टेकून बसल्या. इथून बघितलं तर वाळत घातलेल्या सांडग्यांसारख्या दिसत होत्या.

चपला आमच्या दारात राहिल्या.

दिवे लागणीच्या आधी एकेकीचा नवरा आला. चौगुले अण्णा दारातूनच म्हणाले, “अक्का, आमची मंडळी?”

“चालतायत.”

“अजून?”

“तुम्ही घरी कधी चालू दिलं नाही, त्याचं मी काय करू? बसा.”

ते बसले. पुढची खोली तोवर एवढी अरुंद झाली होती की सगळ्यांना एका ओळीत, गुडघे समोरच्या भिंतीला लावून बसावं लागलं. शैलानं एकाला पन्हं दिलं, त्यानं पुढच्याला दिलं. कुणी ओरडा केला नाही. “आज आमच्यात स्वयंपाक नाही मग,” एवढं एकजण म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. सुमेधाच्या वरच्या मॅडम होत्या, ज्यांच्या हाताखाली ही काम करते त्या. आवाज गोड होता.

“सुमेधाला निरोप द्याल? तिचा नमुना एकांगी झालाय. सगळ्या नवरा असलेल्याच बायका घेतल्यात.”

“हळदीकुंकवाला दुसऱ्या कोण येणार?”

“विधवा बोलावल्या नाहीत का?”

“हळदीकुंकवाला? मी स्वतः विधवा आहे बाई. मला रीत शिकवू नका.”

“आणि दुसरं म्हणजे, सगळ्या जणी पोचल्या. सगळ्याच पोचल्या तर कुणाचं किती हे कळणार कसं? एखादी तरी न पोचणारी हवी. बोळ वाढवायला सांगा.”

“न पोचणारी मिळाली की काम संपलं?”

“संपलं.”

मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून निरोप ओरडून सांगितला. तो जायला वेळ लागला. मग तिकडं ती पांढरी आकृती वाकली, पट्टी उचलली, खुर्ची उचलली आणि मागं मागं जायला लागली. बायका उठून तिच्या मागं गेल्या. पुढच्या खोलीतल्या पुरुषांनी एकदमच श्वास आत ओढला, कारण भिंत छातीला आली होती.

घरात विधवा मी एकटीच. मी चिमटा बोटाला लावून घेतला.

“आत्या, तुमचे गुडघे,” शैला म्हणाली.

“येतील माझ्याबरोबर. त्यांना एकटं सोडून कुठं जाऊ?”

मी निघाले. सुरुवातीला खांदे दोन्ही भिंतींना घासत होते, पण चालता येत होतं. बोळातल्या वस्तू भिंतीबरोबर ओढल्या गेल्या होत्या. छत्रीची खुंटी वल्ह्याएवढी झालेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला एक रविवार किती तरी वेळ सरेना. पुढं यांचा फोटो लागला. तोही लांबलेला. मी यांच्या डाव्या कानापाशी आले आणि चालत राहिले. मग गाल आला, मग मिशी सुरू झाली. हयात असताना यांच्या तोंडासमोर इतका वेळ मी कधी काढला नव्हता. नाकाशी आले तेव्हा समोरून आवाज आला.

“छान चालताय. निम्मं झालं.”

“आज्जी म्हण,” मी म्हटलं.

उजव्या कानापाशी पोचले तेव्हा “असंच चालत राहा” आलं. माझ्या बोलण्याला ते उत्तर नव्हतं. माझं बोलणं अजून वाटेतच असणार.

पुढं बोळ इतका बारीक झाला की मला आडवं वळावं लागलं. पाठ एका भिंतीला, छाती दुसरीला. मंगळसूत्र असतं तर अडकलं असतं. मी खेकड्यासारखी एकेक पाय टाकत होते. मान तेवढी तिच्याकडं वळवलेली. ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती.

“छान चालताय. एकच मिनिट.”

बरं वाटलं. एका मिनिटानं ती थांबा म्हणणार, खुर्ची घेऊन येणार. मी चालले. चांगलं लांब चालले. चिमट्यातला आकडा खाली खाली येत होता.

“छान चालताय. एकच मिनिट.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिचा आवाज माझ्यापर्यंत यायलाच मिनिटापेक्षा जास्त लागत होता, आणि तो वाटेत भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा येत होता. ‘थांबा’ तिनं केव्हाच म्हटलं असेल. तो शब्द या बोळात कुठंतरी माझ्या दिशेनं चाललेला असेल. ती तिकडं वाट बघत असेल, आज्जी थांबत का नाही म्हणून.

तसंच, मी पोचले तर आणखी एक पोचलेली होणार. मॅडम पुन्हा फोन करणार, पट्टी पुन्हा मागं जाणार. घर त्या पुरुषांच्या बरगड्यांपर्यंत आलेलं होतंच. न पोचणारी एक मिळाल्याशिवाय पोरगी सुटत नव्हती.

मी या गल्लीत कशातच मागं राहिलेली नाही. तीन पोरं वाढवली, सासूचं सगळं निस्तरलं, लग्नं लावली. पिठाच्या गिरणीच्या रांगेतसुद्धा माझ्यापुढं कुणी गेलेलं नाही. न पोचलेली मुक्ताक्का असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं.

मी थांबले.

शब्द आलेला नव्हता. मी माझ्या मनानं थांबले. बसायला जागा नव्हती, म्हणून दोन भिंतींमध्ये उभीच राहिले. भिंतींनी धरून ठेवलं. मागून येणाऱ्या शैलाच्या हाकेसारखा चिमटा बारीक वाजत होता.

तिकडं तिनं ते बघितलं असावं. तांदळाच्या दाण्यानं खुर्ची उचलली. नियम नियम म्हणत होती, तो पाळायला निघाली. वेलदोड्याएवढी झाली, मग सुपारीएवढी. तिचं तोंड ओळखू यायला लागलं. वाळलं होतं. मागं त्या सगळ्या बायका ओट्या सांभाळत उभ्या होत्या, चौगुले वहिनी पुढं.

आणि मग खुर्ची अडकली.

बोळ खुर्चीपेक्षा अरुंद होता. तिनं ती उभी केली, आडवी केली, पाय वर करून बघितली, डोक्यावर घेतली. एकदा उजवीकडून ढकलली, एकदा डावीकडून. खुर्ची दोन भिंतींत रुतून बसली आणि ती पलीकडून एप्रनच्या बाहीनं कपाळ पुसत राहिली. खालून वाकून येता आलं असतं. लहानपणी ती माझ्या खाटेखालून यायचीच की. पण खुर्चीशिवाय यायचं तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं पुन्हा खुर्चीचा पाय धरला. तिचे ओठ हलताना दिसले. काय म्हणाली ते मला नंतर ऐकू येणार होतं, तोवर उभं राहवलं तर.

माझ्याकडं श्वास थोडा होता. आवाज पोचायला वेळ लागणार होता. म्हणून मी एकदाच आणि नीट म्हटलं.

“नापास आहेस तू, सुमे. खुर्ची टाक तिथंच आणि जेवायला ये.”