धुतलेले हात

सांगलीजवळ कृष्णा वळते, आणि वळता वळता अंगावरचा उजेड गावाकडे फेकते. माघ-फाल्गुनात तो उजेड पांढरा राहत नाही. नव्या हळदीची पोती वखारींच्या दारांत उतरतात, त्यांची तोंडं सुटतात, आणि त्या पीतरेणूंच्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन छपरांवर, पायऱ्यांवर, निजलेल्या कुत्र्यांच्या पाठींवर पिवळं होऊन पडतं. पाहुणा म्हणतो, काय सोनेरी गाव आहे. गावकऱ्याला शिंका येतात.

अशाच एका दगडी वखारीच्या माडीवर वैजयंता वर्षभर खिडक्या लावून बसली होती.

खाली हळद, वर ती. खाली अकरा बायका दिवसभर हळकुंडं निवडायच्या, बोटांनी ढीग पसरायचा, चांगलं जवळ ओढायचं, किडकं बाजूला सारायचं; आणि त्या अकरांत तिची आई, आक्काताई, पंचवीस वर्षं त्याच एका खांबाला टेकलेली. माडी मिळाली तीही आईच्याच शब्दावर. पोरगी वर काय करणार, असं मालकांनी विचारलं तेव्हा आक्काताईनं मान ताठ करून सांगितलं होतं, "चित्रं काढणार. एकटीनं. वरीसभर."

कलाविद्यालयाचा नियमच तसा होता. शेवटच्या वर्षी वर्ग नाहीत, शिकवणं नाही. विद्यार्थ्यानं आपली जागा शोधायची, एकट्यानं काम करायचं, आणि वैशाखात परीक्षकांना एकच चित्र दाखवायचं. ते त्याचं स्वतःचं आहे असं परीक्षकांना पटलं तर पदविका. नाही तर चार वर्षांवर पाणी. परीक्षकांत मुख्य देशिंगकर सर. त्यांच्याच पाठीमागे उभी राहून ती शिकली होती. ते कुंचला कसा धरतात, करड्यात निळा किती सोडतात, फळीवर मांजरपाटाचं कापड चिकटवून त्यावर चुन्याचं अस्तर कसं घोटतात, सारं तिनं डोळ्यांनी पिऊन घेतलं होतं. आता त्यांच्यावाचून काय काढायचं, हा प्रश्न आषाढात तिच्या मनात येऊन बसला आणि तिथून हलला नाही.

आषाढ गेला, नदी करडी. श्रावण गेला, नदी करडी. आश्विनात खरी नदी निवळली, आभाळ धुऊन निघालं, काठच्या बाभळींना कोवळी पिवळी फुलं आली. फळीवरची नदी मात्र करडीच राहिली. धूम्रवर्ण जळ, धूम्रवर्ण तट, धूम्रवर्ण क्षितिज. ती काढत होती, पुसत होती, पुन्हा काढत होती.

पिवळा रंग तिच्या पेटीत नव्हताच. लहानपणी वर्गातल्या मुली तिच्या वह्यांच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या कडांना हसायच्या. ते हसू तिच्या कानांतून कधी गेलं नाही. कलाविद्यालयात कुणी विचारलं तर ती सांगायची, "आई ऑफिसात असते." खिडक्यांच्या फटींत तिनं ओली फडकी कोंबली होती, दाराला जाड पडदा टांगला होता, आणि दिवसातून चार वेळा ती साबणानं हात धुवायची. हळदीच्या गावात राहून हळदीशी वैर. काय म्हणावं या पोरीला!

कार्तिकात सर एकदा येऊन गेले. त्या सकाळी वैजयंतानं आईला बजावलं, "आज वर येऊ नकोस." आक्काताईनं मान हलवली, "न्हाई येत," आणि ती खरंच आली नाही. त्या दिवशीच नव्हे, पुढे कधीच नाही. सर मागच्या जिन्यानं चढले. भिंतीला टेकून सोळा नद्या उभ्या होत्या. सरांनी एकेकीपुढे थांबून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हे माझं आहे, वैजयंता. तुझं काय आहे?"

आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. त्यानंतर तिची भूक गेली. मार्गशीर्षातली कोवळी उन्हं, पौषातले धुकट प्रहर, सगळे ती पांढऱ्या फळीपुढे बसून घालवू लागली. रेघ ओढली की वाटे, ही सरांची. रंग कालवला की वाटे, हाही सरांचाच. स्वतःचं म्हणून आत काही आहे का, की नुसतीच रिकामी वखार, ही भीती वाटायची. मग ती उठून पुन्हा हात धुवायची.

फाल्गुनात तिनं शेवटची फळी घेतली. पाच हात लांब, तीन हात रुंद. कळीचा चुना दहा दिवस भिजवला, डिंक कालवला, आणि एका दुपारी पहिलं अस्तर दिलं. शुभ्र, सजल, निष्कलंक. एवढं एकच काम वर्षभरात मनासारखं झालं होतं. ब्रश धुवायला ती मागच्या गच्चीवर गेली.

परत आली तर फळीपुढे आई उभी.

दोन दिवस लेक खाली जेवायला उतरली नव्हती, म्हणून आक्काताई चार महिन्यांनी तो जिना चढून आली होती. डबा दाराशी ठेवला होता. आणि ओल्या पांढऱ्या अस्तरावर, अगदी मधोमध, पाच बोटांचा उमटलेला लालभडक पंजा होता.

"चुना पातळ झालाय का बघत हुते गं," आक्काताई म्हणाली. दर दिवाळीला घर सारवणारी, सफेदी देणारी बाई. चुना दिसला की हात लावल्याशिवाय राहवेना. चुन्यात हळद लाल होते हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. "हात धुतले हुते, वैजे. दोनदा धुतले हुते."

तिनं चुना न लागलेला हात पुढे केला. खरंच स्वच्छ होता. डोळ्यांना त्यावर काही दिसत नव्हतं. चुन्याला दिसलं होतं.

वैजयंताच्या तोंडून जे निघालं ते इथं न लिहिलेलं बरं. वर्ष, पदविका, सोळा नद्या, सगळ्याचा राग त्या एका पंजावर निघाला. आक्काताई ऐकत राहिली, हात पदरात गुंडाळत राहिली. मग लेकीनं पुढे होऊन आपल्याच तळव्यानं तो डाग खसाखसा पुसायला सुरुवात केली.

डाग पुसेना. उलट पसरत चालला. तिनं हात उचलला आणि ती थबकली. आईच्या पंजाच्या पलीकडे, जिथं आईचं बोटही पोचलं नव्हतं तिथं, दुसरा पंजा उमटला होता. फिका, पण लाल. तिचा स्वतःचा.

वर्षभर बंद ठेवलेल्या खिडक्या, ओली फडकी, चार वेळा साबण. तरीही तिच्या कातडीत हळद होती. ती किती तरी वेळ त्या दोन पंजांकडे पाहत राहिली, आणि मग लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडली. आक्काताईनं तिला जवळ घेतलं नाही. तळव्यांना चुना झोंबत होता. तिनं आधी लेकीच्या हाताला खोबरेल लावलं, मग स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी वैजयंतानं खिडक्यांतली फडकी काढली. पिवळं ऊन माडीवर आलं. जेवणाच्या सुट्टीत अकराही बायका हात धुऊन वर आल्या, आधी लाजत, मग एकमेकींना कोपरखळ्या मारत. फळी जमिनीवर आडवी होती, तिच्यावर नवं ओलं अस्तर होतं. खाली ढिगावर जे करता तेच इथं करा, ती म्हणाली. बायकांनी ढीग नसतानाच ढीग पसरला, चांगलं जवळ ओढलं, किडकं बाजूला सारलं. क्षणभरच, मग खोबरेल. मागं राहिली रक्तवर्ण वळणं, अरुण आवर्त, अकरा जणींच्या पंचवीस-तीस वर्षांच्या हालचाली. कडेला कुठं बाभळीच्या खोडाचा काळा, कुठं नदीची एकच करडी रेघ वैजयंतानं जोडली. असं चित्र सरांनी कधी काढलं नव्हतं.

पण नशिबाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. चुना वाळला तसा लाल रंग उतरू लागला. चैत्र लागला तेव्हा तो गेरूसारखा झाला, चैत्र सरता सरता मळकट पिवळा, आणि वैशाखात परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा फळीवर काही होतं हे सांगावं लागत होतं. चुन्याची निवळी, म्हणजे वरचं नितळ पाणी, लावली की लाल परत येतो, हे तिनं कोपऱ्यात बोटभर लावून पाहिलं होतं. आला होता, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा गेला होता. सोळा नद्या भिंतीशी ठाम उभ्या होत्या. त्या निदान दिसत तरी होत्या. चारही दिवस ती एक नदी पुढे ओढायची आणि मागे ठेवायची.

परीक्षेच्या दुपारी सर आले, सोबत दोन परीक्षक. या वेळी वैजयंतानं त्यांना पुढच्या दारानं आणलं, हळदीच्या ढिगांमधून, अकरा बायकांसमोरून. वर फळी उभी होती. फिकी, जवळजवळ कोरी.

"हे अजून अपुरं आहे का?" एका परीक्षकांनी विचारलं.

तिनं निवळीत रुंद ब्रश बुडवला आणि वरपासून खालपर्यंत, एका दमात, संपूर्ण फळी भिजवली. निवळीचे थेंब पायांवर पडत होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोऱ्या पांढऱ्याच्या आतून एक बोट उगवलं. मग दुसरं. मग ओंजळी, मनगटं, वळणं, आवर्त. आणि अकरा जणींचे धुतलेले हात लाल होत होत वर आले.

सर फळीपाशी गेले.

"कुणाचे हात आहेत?"

"खालच्या बायकांचे," वैजयंता म्हणाली, आणि मग तिनं श्वास घेतला. "मधला माझ्या आईचा. ती खाली हळद निवडते."

"हा रंग टिकणार नाही."

"माहीत आहे, सर."

देशिंगकर सरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. कार्तिकातल्याच त्या शांत आवाजात ते म्हणाले, "हे माझं नाही."

ते गेल्यावर आक्काताई वर आली. दाराशी थांबली, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जे समजायचं ते समजली. मग फळीजवळ जाऊन, हात पाठीमागे बांधून, वाकून वाकून शोधू लागली. तिच्या करंगळीला जन्माचा बाक होता.

"ह्यो माझा," ती म्हणाली.

खाली बायका पुन्हा कामाला बसल्या होत्या. हळकुंडांचा खळखळाट जिन्यानं वर येत होता. उघड्या खिडकीतून पिवळं ऊन फळीवर सरकलं. लाल हात वाळत होते, विरत होते, हळूहळू हळदीकडे परतत होते. आणि मायलेकी शेजारी शेजारी उभ्या राहून त्यांना जाताना पाहत होत्या.