सखुबाईची ओळ

गोदूनं हातातलं सूप तसंच ओट्यावर टाकलं आणि ती मोटारीच्या बटणाकडं धावली. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाण्याची धार अंगणातल्या फरशीवर कोसळत होती. बटण बंद झालं, धार तुटली. भिंतीला हात लावत ती परत आली, तेव्हा पायरीपाशी धर्मा उभा होता.

धर्मा सखुबाईचा मुलगा. पूर आला त्या सालानंतर त्यानं खाडीकाठ सोडून वरच्या आळीत घर बांधलं, ट्रक घेतला. त्याला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तो या दारात आला नव्हता. रस्त्यात समोरून येताना दिसला की गोदूच वाट बदलायची.

"काकी, माज्या पोरीचं, भाविकाचं लगीन धरलंय," तो म्हणाला. "बुधवारी हलद हाय. धवलं तूच गायचंस."

गोदू खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

"माजा गला गेलाय, धर्मा. गावाला ठाव हाय."

"मना बी ठाव हाय. तरी आलो."

एके काळी खाडीच्या दोन्ही काठांवर गोदू आणि सखुबाई या धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणाऱ्या धवलारणींशिवाय लग्न लागत नसे. त्यांना न्यायला होडी यायची. सखुबाई होडीत मांडी घालून बसायची, पान जमवायची आणि जाता जाताच नवरदेवाच्या आईवर ओळी रचायची. त्या ऐकून गोदू एवढी हसायची की नाखवा ओरडायचा, "बायांनो, होरी बुरवाल!" मांडवात मात्र दोघी गंभीर. एक ओळ गोदूची, पुढची सखुबाईची. देवांना आवतण, पितरांना आवतण, मग हळदीला आणि तांदळाला. सखुबाई कधीच ठरल्यासारखं गात नसे. घरातल्या मेलेल्या एखाद्या आजीचं नाव ती अशी अलगद ओळीत बसवायची की म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या. दोन सुरांच्या मध्ये श्वासाएवढीही फट नसायची. पहाटे परतताना सखुबाई होडीतच गोदूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची.

मग आषाढातला तो दिवस आला. वरून पाऊस, खालून उधाणाची भरती, आणि मधला बांध फुटला. दुपारपर्यंत पाणी वाशांना लागलं. गोदूच्या कौलांवर सात माणसं चढून बसली. धर्माच्या बायकोला ताप होता, म्हणून वीस दिवसांची भाविका गोदूच्या मांडीवर होती. पोर रडून रडून निळी पडायला आली. कौलाच्या पलीकडच्या टोकावरून सखुबाई ओरडली, "गोदू, गा!" गोदूनं डोळे मिटले आणि धवला धरला. एक ओळ तिची, एक सखुबाईची. किती वेळ, ते तिला सांगता येत नसे. नंतर कौलं सरकल्याचा आवाज झाला, आणि पुढची ओळ आली नाही.

संध्याकाळी होडी आली तेव्हा कौलांवर सहा माणसं होती.

त्यानंतर कुठल्याही मांडवात पहिली ओळ झाली की गोदूचा गळा आवळल्यासारखा बंद व्हायचा. ज्येष्ठमध झाला, नवस झाले. भिजल्यानं आवाज गेला, असं लोक म्हणाले. तिनंही तसंच म्हणायला सुरुवात केली.

धर्मा पायरीवर टेकला. 

"काकी, तू माज्यावर रागावून गानं सोरलंस. मना कवाच कललं व्हतं."

गोदूचा हात सुपात थांबला. "तुज्यावर?"

"आयचा दंड माज्या हातात व्हता. कौल सरकलं नि हात सुटला. मी हाक बी मारली न्हाय. तोंरातून आवाजच न्हाय आला." त्यानं तळवे उलटेसुलटे करून पाहिले. "अजून पुलावर गारी घातली का हात कापतात. पावसाल्यात गारी उभीच ठेवतो. बायकोला सांगतो, धंदा न्हाय."

गोदूनं त्याच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांनी, नीट. त्याच्या कानांजवळचे केस पिकले होते.

"मना कललं व्हतं, धर्मा," ती म्हणाली. "ओल आली न्हाय, तवाच कललं. सखू कवा ओल सोरायची न्हाय. तरी मी डोलं न्हाय उघरलं. तिची ओल मीच गायली. पोर नुकती उगी झाली व्हती. डोलं उघरलं अस्तं तं..."

  धर्मा उठला, अंगणभर उडालेले तांदळाचे दाणे वेचू लागला आणि मूठ मूठ आणून सुपात टाकू लागला.

"आय मना मारायची तं मारतानाबी गायची," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"नि सूर न्हाय चुकायची," गोदू म्हणाली, आणि तिला हसू आलं. सखूच्या आठवणीनं आलेलं हसू. ते कसं असतं, हेच ती विसरली होती.

बुधवारी ती मांडवात गेली. भाविकाच्या शेजारी बसून तिनं पहिली ओळ धरली. गळा बंद झाला. बायांनी माना खाली घातल्या. गोदूनं पुढची ओळ नुसतीच सांगितली, एखाद्याला घराचा पत्ता सांगावा तशी. दोन पोरींनी ती उचलून गायली. मग तिसरी ओळ. पितरांच्या आवतणात सखुबाईचं नाव आलं, ते तिनं सावकाश, स्पष्ट सांगितलं. ती पुढं गायली नाही, पण धवला पुरा झाला.

लग्न आटोपल्यावर गोदूनंच धर्माला बोलावून घेतलं. अलिबागला दर मंगळवारी मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात, असं गावातल्या आशाताईनं तिला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिनं विषय बदलला होता; आता तो तिनंच धर्मापुढं काढला.

मंगळवारी दोघं रिक्षानं अलिबागला गेली. बाहेरच्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसली. धर्मानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, गोदूनं लग्नातलं लुगडं. सिस्टर वही घेऊन आली.

"पेशंट कोण?"

"काकी," धर्मा म्हणाला.

"ह्यो," त्याच वेळी गोदू म्हणाली.

सिस्टरचं पेन वहीवर थांबलं. गोदूनं धर्माकडं पाहिलं. तो मान खाली घालून हातांकडं बघत होता.

"दोघंबी लिव्ह, बाय," ती म्हणाली.