रुईघराची कडी

चिडली की मी कोणाचंच ऐकत नाही, नवऱ्याचं तर मुळीच नाही. पांढुर्ण्याच्या जिनिंगातले भिवाजी फिटर म्हणजे आमचे हे. जवानीत मुंबईच्या गोदीत होते. एकवीस साली इंग्रजांचं मोठं लढाऊ जहाज आलं, त्याच्या बॉयलरवर काम केलं होतं. तेव्हापासून एकच पुराण.

"तोफा मोठ्या, पळणं भन्नाट, पण अंगावरचा पत्रा पातळ. त्या जातीची तीन जहाजं लढाईत एकाच दिवशी फुटली, देवका! गोळे झटपट सुटावे म्हणून बारूदखोलीची दारं उघडी ठेवत. आग सरळ आत."

"मंग मी काय करू, तोफ डागू?" मी म्हणायची, अन् माझ्यासंगं रुई वाहणाऱ्या बाया खदखदा हसत.

कापसातली सरकी काढणारं जिन अन् ती रुई साठवायचं रुईघर, ह्यांच्या मधात लोखंडी दार होतं. कडी फक्त जिनच्या बाजूनं. बाया आतून कडी लावून बसतात म्हणे, म्हणून मालकानं तशी लावलेली. कडी नसली की वाऱ्यानं दार उघडझाप करे. डोक्यावर रुईची टोपली घेऊन दर खेपेला दार कोण उघडत बसणार? मीच वीट लावून ते उघडं ठेवत होती.

छप्पनचा ऑक्टोबर. महिना संपला की नवी राज्यं, नागपूर मुंबईकडे अन् आपण भोपाळच्या राज्यात, मंग रुईच्या गाठी हद्दीवर अडकतील, ह्या धास्तीनं मालक आमच्या मागं लागला होता. त्या सकाळी ह्यांनी विटेले लाथ मारली. मी सगळ्या बायांसमोर भांडली. "घाला तुमचं जहाज चुलीत!" म्हटलं, अन् वीट पुन्हा लावली. हे पाना उचलून जिनकडे गेले.

दुपारी कापसातून गोटा रोलरात गेला. ठिणगी उडाली अन् जिन भडकलं. आम्ही सतरा जणी रुईघरात, कमरेइतक्या रुईत. बाहेरचं फाटक पार दुसऱ्या टोकाले. दारापाशी मी एकटी. धुरातून हे धावत आले, मागं आग.

"या ना लवकर!" मी हात लांब केला.

"वीट काढ!"

"आधी तुमी आत या!"

"कडी इकडूनच लागते, देवका. काढ म्हणतो ना!"

माय वो, मी काढली. माझ्याच हातानं. दार आपटलं, अन् कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. बायांनी मले ओढत फाटकाबाहेर नेलं. सतराच्या सतरा जगलो. हे गेले.

पुढच्या हंगामात त्या दाराले आतूनही कडी लागली. मालकाशी भांडून मीच लावून घेतली. परवा एका नव्या बाईनं तिथं वीट ठेवली. मी चिडली नाही. तिले बसवून जहाजाची गोष्ट सांगितली. ती खदखदा हसली.

मी वीट उचलली अन् दार लावून घेतलं.