आतला बंध

त्याने एका हाताने तिची टाच पकडली, दुसऱ्या हाताने चवडा धरला आणि ओलं कापड पिळावं तसं पाऊल बाहेरच्या अंगाला पिळलं. आत काहीतरी तट्‌कन तुटलं. आवाज दोघांनीही ऐकला. तरी त्याने सोडलं नाही.

"पुन्हा म्हण. काय म्हणालीस मला?"

ती म्हणाली होती, "थांब रे जरा." एवढंच.

एक लोकप्रिय जपानी रहस्यकथामाला ती कित्येक वर्षं मराठीत आणत होती. जुन्या भागांत गुप्तहेराची बायको प्रत्येक वाक्याला एक मऊ, आर्जवी शेपूट लावायची. तिकडच्या कादंबऱ्यांतल्या बायकांनी तसंच बोलायची रीत होती. मराठीत ती त्याचं 'अहो, ऐकलंत का', 'बरं का हो' करायची. पुढे पुस्तकागणिक ती शेपटं झडत गेली, आणि नव्या भागात तर ही बाई नवऱ्याशी त्याच्याच सुरात, तोडून बोलू लागली.

"वाचकांना अरे-तुरे चालेल का?" संपादकांनी फोनवर विचारलं होतं.

"मूळ बाईला चालतंय," ती हसून म्हणाली होती.

दिवसभर त्या बाईचे संवाद जुळवत ती बसली होती. चहासाठी नवऱ्याची हाक आली तेव्हा तोच सूर जिभेवर राहिला होता.

आधी त्याने लॅपटॉप भिंतीवर भिरकावला. मग तिला केसांना धरून खुर्चीतून खेचलं, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. ती सरपटत दाराकडे निघाली तेव्हा पाय त्याच्या हाती लागला. स्वयंपाकघरात सासूबाईंनी नळ मोठा सोडला.

"चुकलं," ती म्हणाली. त्याने आणखी पिळलं. "चुकलं हो."

त्या 'हो'वर त्याची मूठ सुटली.

दवाखान्यात तिला एका बाजूने त्याने धरून नेलं, दुसऱ्या बाजूने सासूबाईंनी.

"जिन्यावरून घसरली," तो म्हणाला. "वेंधळीच आहे पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. हाड शाबूत होतं. मग त्यांनी घोट्याची बाहेरची बाजू अंगठ्याने चाचपली. तिथे तिला फारसं दुखलं नाही. अंगठा आतल्या बाजूला आला मात्र, ती किंचाळली.

"घसरलं की पाऊल बहुधा आत मुरगळतं," बाई सावकाश म्हणाल्या. "बाहेरच्या बाजूला तीन बारीक बंध असतात, ते दुखावतात. आतला बंध जाड असतो, पंख्यासारखा पसरलेला. तो तोडायचा म्हणजे पाऊल जोर लावून बाहेर पिळावं लागतं." त्यांची नजर तिच्या कपाळावरच्या टेंगळावर गेली. "कशा पडलात?"

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. अंगठा गळ्याजवळच्या हाडामागे रुतला.

"जिन्याच्या..." ती म्हणाली.

"आमच्या घराला जिना नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्याने झटकन वळून आईकडे पाहिलं.

"आई, तुला काय कळतंय? गप्प बस."

"नाहीच आहे. तुझे बाबा होते तेव्हाही नव्हता." त्या भिंतीला धरून स्टुलावर बसल्या. वाकताना त्यांना त्रास होत होता. उजव्या पायातली चप्पल त्यांनी काढली आणि ती नीट बाजूला ठेवली.

"हिचं झालं की माझाही पाय बघा, बाई. दुखणं जुनं आहे."

"कुठे दुखतं?"

सासूबाईंनी घोट्याच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दार दाखवलं. तो निघेना, तेव्हा त्यांनी स्वतःच जाऊन ते सताड उघडलं आणि बाहेरच्या कंपाउंडरला हाक मारली. खांद्यावरचा अंगठा निघाला.

तिने दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला, आणि तपासणीच्या टेबलावर थोडं सरकून शेजारी सासूबाईंना जागा केली.