परक्या ओठी साद

सोलापुरातल्या गुरांच्या दवाखान्यात बैलाला औषध लावायचे, तर चौघांनी दोर टाकून त्याला आधी भुईवर पाडायचे, अशीच रीत होती. तिथे कामाला असलेल्या मायाप्पा धनगराने ती मोडली. जू घासून खांदा सडलेला एक बेवारस खिलारी बैल त्याने दोराविना बरा केला. हात नुसता जवळ नेला की गुळाचा खडा. बोट जखमेला टेकले की पुन्हा खडा. बैल मागे सरला, तर हातही मागे. दोन महिन्यांत असे झाले, की मायाप्पाने ‘हिर्रऽ’ अशी लांब साद घालावी आणि त्या थोराड जिवाने आपण होऊन मान आडव्या वाशावर ठेवावी. मग सुई टोचली तरी तो हलत नसे.

“बरा झाला की तुझ्या गावी, वळसंगला ने. तुझाच तो,” डॉक्टर चन्नवीर म्हणाले होते.

त्या शब्दावर भाळून मायाप्पाने एक आगळीक केली. धनगराची साद घरच्या देवासारखी. ती परक्याच्या ओठी देत नाहीत. त्याने ती डॉक्टरांना शिकवली.

“किल्लीच देऊन आलासा की वो!” बायको मायाक्का कडाडली.

“देवमाणूस हाय गं त्यो,” तो हसला.

सोमवारी मायाप्पा बैल न्यायला आला, तर आवारात फळी टेकवलेली लॉरी उभी. बैल दूरच्या लशीच्या कारखान्यात चालला होता. तिथे वरचेवर मानेतून रक्त काढतात.

“आपण होऊन मान देणारा बैल त्यांना दुसरा कुठे मिळायचा?” डॉक्टर नजर चुकवीत म्हणाले. “हजार गुरे वाचतील, मायाप्पा.”

“तुमी सबूद दिलता, सायेब.”

उत्तरादाखल डॉक्टरांनी साद घातली. बैल फळीवर चढला आणि मध्येच थबकला. मायाप्पा त्याला दिसला होता. पुन्हा साद. तो हलेना. गडी दोरखंड घेऊन सरसावले. फळीवर पाडला तर पाय मोडणार, हे मायाप्पा जाणून होता.

“सरा बाजूला.”

तो लॉरीत चढला. त्याने आपली साद घातली. बैल लगबगीने वर आला, डोळे अर्धे मिटून त्याने मान पुढे केली. मायाप्पाने स्वतःच्या हाताने दावे आवळले.

“शाबास,” डॉक्टर म्हणाले. मायाप्पाने तिकडे पाहिले नाही.

लॉरी हलली, तरी बैलाची मान तशीच पुढे होती.