झग्याच्या अस्तरातलं कुंकू

मी एक जुना काळा झगा आहे, मित्रांनो. चित्राबाई सिडनीच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश झाल्या, त्याच आठवड्यात मला शिवलं. माझ्या बाह्या इतक्या रुंद की पहिल्याच दिवशी एक चहाच्या कपात बुडाली. चौदा वर्षं मी बाईंच्या खांद्यावर होतो. मला पाहून भल्याभल्यांची बोबडी वळायची. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी जरा फुगायचोच.

त्या काळातच एकदा माझं अस्तर विरलं. बाईंना सवड नव्हती, म्हणून त्यांचे यजमान विवेकराव मला टूनगॅबी या उपनगरात सुखदाकडे घेऊन गेले. सुखदा घरी साड्यांना फॉल-पिको करायची. तिने मला नवं, फिक्या रंगाचं अस्तर लावलं आणि नव्या कपड्याला लावतात तसं आतल्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं. इतक्या मायेने मला कधी कोणी हाताळलं नव्हतं.

वर्षभराने तीच सुखदा बाईंसमोर उभी राहिली. तिचा व्हिसा नाकारला होता आणि ती दाद मागायला आली होती. बारावीतली मुलगी निहारिका मागच्या बाकावर बसली होती. अधिकाऱ्याने सुखदाचं एक महत्त्वाचं पत्र वाचलंच नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. कागदांतल्या त्या पत्राच्या उल्लेखाखाली त्यांनी पेन्सिलने दोन रेघा मारल्या. मला वाटलं, सुटली बिचारी.

तेवढ्यात सुखदाने मला ओळखलं आणि तिचा चेहरा खुलला. परमुलखात आपलं माणूस दिसलं की ओळख काढायची, ही आपली जुनी खोड.

"मॅडम, तुमच्या झग्याला अस्तर मीच लावलंय," ती मराठीत म्हणाली. "आत कुंकवाचं बोटही लावलंय. मनापासून केलंय हो."

दुभाष्याने इंग्रजीत सांगण्याआधीच बाईंना कळलं होतं. त्यांनी माझा कोपरा उलटून पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. अशी ओळख निघाल्यावर यापुढे ही केस आपल्याला ऐकता येणार नाही, ती दुसऱ्या न्यायाधीशांकडे जाईल, असं त्यांनी जाहीर केलं.

"मम, व्हॉट डिड यू से टू हर?" निहारिकाने विचारलं. सुखदाला स्वतःलाच ते कळलं नव्हतं.

सात महिन्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांना ते पत्र एवढं महत्त्वाचं वाटलं नाही. मायलेकी मायदेशी परत गेल्या.

"मी गप्प बसले असते तर?" हे कळलं त्या दिवशी बाईंनी विवेकरावांना विचारलं.

"तू बसली नसतीस."

"तेच तर," बाई म्हणाल्या, आणि जेवायला आल्या नाहीत.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि मी कपाटात लटकलेला असतो. कधीमधी त्या येतात, माझा कोपरा उलटतात आणि पुन्हा दार लावून घेतात. मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल, पण तुमच्यापैकी कोणाच्या हाती मी आलो तर मला ड्राय क्लीनिंगला देऊ नका. त्या एवढ्याशा डागाशिवाय सुखदाचं या देशात आता दुसरं काही उरलेलं नाही.