वगळलेल्या ओळी

शरदाची सकाळ होती. नीरेच्या पात्रावरची धुक्याची दुधाळ दुलई हळूहळू विरत होती, काठावरच्या काशगवताचे रुपेरी तुरे मंद वाऱ्यात माना लववीत होते. सारं गाव सुवर्णस्नात झालं होतं. अण्णासाहेब आगट्यांच्या डोळ्यांत मात्र उजेड नव्हता.

ज्यांच्या मेघगंभीर वाणीनं सभामंडप स्तब्ध होत, ज्यांच्या नावाआधी लोक ‘देशभक्त’ लिहीत, ते अण्णासाहेब दोन वर्षांपूर्वी अंध झाले होते. तेव्हापासून त्यांच्या पत्नी द्वारकाबाई रोज ओसरीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत.

त्या सकाळी वाचता वाचता बाई अडखळल्या. क्षणभरच. मग म्हणाल्या, “त्र्यंबकरावांनी लिहिलंय, अण्णासाहेब म्हणजे अत्यंत मायाळू गृहस्थ...”

अण्णासाहेब हसले. “त्र्यंबक माझा विद्यार्थी. त्याच्या निबंधांतला ‘अत्यंत’ मी दरवेळी खोडायचो. आता तो हा शब्द कधी लिहिणार नाही. कधीपासून गाळतेस?”

द्वारकाबाईंनी कागद मांडीवर ठेवला.

“आषाढापासून. जन्म वेचलात देशासाठी, आता आपण हे असलं कशाला ऐकायचं?”

“वाच. आहे तसं वाच.”

बाईंनी वाचलं. कोरडं, काटेरी, एकेक अक्षर. ‘तीन वर्षांपूर्वीच्या साथीत साळीआळीतली अकरा घरं ओस पडली, तेव्हा अण्णासाहेब अध्यक्षीय भाषण रचीत होते. हाकेच्या अंतरावरची आळी त्यांना दिसली नाही. तेव्हा तर त्यांचे डोळे शाबूत होते.’

अण्णासाहेबांच्या कपाळावरची शीर हलली, ओठ हलले, आणि मिटले.

“खरं लिहिलंय पोरानं,” ते म्हणाले. “चल. हात दे.”

भर दिवसा नवऱ्याचा हात धरून चालणारी बाई त्या गावानं पाहिली नव्हती. ओट्याओट्यावर माना वळल्या. द्वारकाबाईंचे कान तापले, पावलं अडखळली. पण हात सुटला नाही.

साळीआळीच्या तोंडाशी मागांची खटखट ऐकू आली, आणि त्यांना पाहताच एकेक माग थांबत गेला. पहिल्याच दारातून राही साळीण पुढे आली आणि त्यांना आत घेऊन गेली. “पाय जपून टाका, अण्णा. हितं मागाचा खड्डा हाय, पाय सोडून बसायचा.”

“तुमचं कोण गेलं, बाई?”

“धाकला ल्योक, रखमा. ह्याच मागावर बसायचा.”

अण्णासाहेब चाचपडत खड्ड्याच्या कडेला बसले. “मी यायला हवं होतं,” एवढंच म्हणाले.

राहीनं त्यांचा हात उचलून मागावर ताणलेल्या सुतांवर ठेवला. त्या शुभ्र, ताठ, थरथरत्या धाग्यांवरून म्हातारी बोटं हळूहळू फिरत राहिली; एका सुतावरून दुसऱ्या सुतावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, सावकाश.